मोटारगाडीची निगा

मनुष्य ज्या वाहनाचा उपयोग करितो त्या वाहनाची निगा राखणें हें त्याचें कर्तव्य आहे, ही गोष्ट आमच्या वर्धा जिल्ह्यांतील शेतकऱ्यास कोणीं शिकविली पाहिजे असें नाहीं. पोळ्याच्या आदल्या दिवशीं तो बैलांचे खांदे लोणी-हळद लावून शेकतो. सणाच्या दिवशीं त्यांस कामाला जुंपीत नाहीं. आणि एरवींही चाकास वंगण दिल्यावांचून बंडी लांबच्या वाटेला काढीत नाहीं. बंडी कुरकुरूं लागली कीं घरांतील लहान मूलसुद्धां वंगण संपलें हें ओळखतें. परंतु त्याच घरीं मोटारगाडी आली म्हणजे हें सारें शहाणपण कोठें नाहींसें होतें कोण जाणे! गाडी लोखंडाची आहे, तिला भूक नाहीं, थकवा नाहीं, अशा समजुतीनें ती वर्षानुवर्षें हांकली जाते, आणि ती एकाएकीं बंद पडली म्हणजे कंपनीस, मिस्त्रीस किंवा नशिबास दोष देण्यांत येतो.

गेल्या कांहीं वर्षांत गिरड, समुद्रपूर, हिंगणघाट या बाजूच्या गांवांतून पुष्कळ घरीं मोटारगाडी दिसूं लागली आहे. कोणीं नवी घेतली, कोणीं दुसऱ्याची वापरलेली घेतली. पण बहुतेक ठिकाणीं ती कापसाच्या किंवा सोयाबीनच्या पैशांतून, नाहींतर पगारांतून हप्ता तोडून घेतलेली आहे. अशी वस्तु निष्काळजीपणानें खराब होऊं देणें हें घरच्या पुंजीचें नुकसान आहे. शिवाय प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. एखाद्या रात्रीं घरांतील आजारी माणसास सेवाग्रामच्या किंवा नागपूरच्या रुग्णालयांत न्यावयाचें असतें. सर्व मंडळी घाबरीं झालेलीं असतात. आणि किल्ली फिरविली तर गाडी नुसती कट्‌कट् करून गप्प बसते. त्या वेळीं मिस्त्री मिळत नाहीं व पैसाही उपयोगीं पडत नाहीं. उपयोगीं पडतें तें आदल्या महिन्यांत दिलेलें दहा मिनिटांचें लक्ष. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांकरितां व त्यांच्या पालकांकरितां या विषयाची साधी माहिती येथें देण्याचें योजिलें आहे. यंत्रशास्त्राचा अभ्यास नसलेल्या मनुष्यास जें समजेल व जें स्वतःच्या हातानें करतां येईल तेंच आम्ही सांगणार आहों.

मोटारीची निगा हें केवळ मिस्त्रीचें काम आहे, अशी एक समजूत आहे. मोटारीचा इतिहास मात्र निराळेंच सांगतो. जर्मनींतील कार्ल बेन्झ यांनीं १८८६ सालीं आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट घेतलें. लोक त्या यंत्राकडे संशयानें पाहत असत. तेव्हां १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत त्यांच्या पत्नी बर्था बेन्झ यांनीं, पतीस न कळवितां, आपल्या दोन मुलांस बरोबर घेऊन ती गाडी मान्हाइम शहराहून फोर्त्सहाइमपर्यंत नेली. हें अंतर सुमारें १०४ किलोमीटर, म्हणजे गिरडहून वर्ध्यास जाऊन परत येण्यास जितकें पडतें त्याहून थोडें कमी. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती या बाईंनीं टोपीच्या लांब टांचणीनें मोकळी केली. एका तारेचें वेष्टन झिजलें, तेथें मोजे बांधावयाचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे लांकडी ठोकळे झिजले, तेव्हां एका चांभाराकडून त्यांवर कातडें ठोकून घेतलें. इंधन संपलें तें एका औषधांच्या दुकानांतून विकत घेतलें. आणि इंजिन थंड ठेवण्यासाठीं ठिकठिकाणीं पाणी भरलें. जगांतील पहिला लांबचा मोटारप्रवास अशा रीतीनें पार पडला. इंधन, पाणी, तारा आणि ब्रेक या ज्या चार गोष्टींची काळजी त्या दिवशीं बर्था बेन्झ यांस घ्यावी लागली, त्यांचीच काळजी आजच्या गाडीच्या मालकासही घ्यावी लागते. मात्र गाडी सुधारल्यामुळें ती रोज वाटेवर न घेतां महिन्यांतून एकदां घरीं बसून घेतां येते.

दुसरी एक गोष्ट आमच्याच जिल्ह्याची आहे. वर्धा व सेवाग्राम यांच्या दरम्यान बैल जुंपून ओढल्या जाणाऱ्या एका फोर्ड मोटारीची हकीकत वर्ध्याकडे अजून सांगतात. ती गाडी जमनालाल बजाज यांच्याकडील होती, आणि 'ऑक्स' म्हणजे बैल व त्याच्या पुढें 'फोर्ड' असा शब्द जुळवून गांधीजी विनोदानें तिला 'ऑक्सफर्ड' म्हणत, असें म्हणतात. त्या काळीं मोटार चालली नाहीं तरी जुंपावयास बैल तयार असत. आतां पुष्कळांच्या गोठ्यांत बैलही उरले नाहींत. तेव्हां इंजिनाकडेच लक्ष पुरविलेलें बरें.

इंजिनाचें तेल.— मोटारीच्या इंजिनांत पोलादाचे भाग एका मिनिटांत हजारों वेळां एकमेकांवरून सरकत असतात. ते एकमेकांस प्रत्यक्ष लागले तर थोड्याच वेळांत तापून चिकटतील. त्यांच्यामध्यें तेलाचा पातळ पडदा असतो म्हणून ते टिकतात. शिवाय हें तेल आंतील उष्णता वाहून नेतें व झिजेची घाण आपल्याबरोबर फिल्टरपर्यंत आणून सोडतें. बंडीचें वंगण जसें धुळीनें घट्ट व काळें होतें, तसेंच हें तेलही कालांतरानें निकामी होतें. म्हणून तें ठराविक मुदतीनें बदलावें लागतें व त्याबरोबर तेलाचा फिल्टरही बदलावा लागतो. ही मुदत प्रत्येक गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत छापलेली असते. सांप्रतच्या पुष्कळ पेट्रोल गाड्यांस ती दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं येईल तें, अशी असते. 'जें आधीं येईल तें' हे शब्द पुष्कळ लोक वाचीत नाहींत. आमची गाडी वर्षांत तीनच हजार किलोमीटर चालली, मग तेल कशाला बदलावयाचें, असें ते विचारतात. परंतु तेल उभ्या गाडींतही जुनें होतें. आणि घरापासून शेतापर्यंत अशा अगदीं जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरें तापत नाहीं, त्यामुळें आंत जमणारा ओलावा उडून जात नाहीं व तेल लवकर बिघडतें.

तेल पाहण्याची रीति सोपी आहे. गाडी सपाट जागेवर उभी करावी. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबावें, म्हणजे तेल खालीं उतरतें. मग तेल मोजण्याची पट्टी, जिला डिपस्टिक म्हणतात, ती बाहेर काढून स्वच्छ फडक्यानें पुसावी, पुन्हा पूर्ण आंत घालावी व काढून पाहावी. तेलाची ओली रेघ पट्टीवरील दोन खुणांच्या मध्यें असली म्हणजे ठीक. खालच्या खुणेच्या खालीं असल्यास त्याच जातीचें तेल थोडथोडें घालावें. वरच्या खुणेच्या वर मात्र भरूं नये, कारण जास्त तेलही इंजिनास अपाय करितें. तेल काळें दिसलें कीं तें खराब झालें असें नेहमींच नसतें. डिझेल गाडींत नवें तेलही लवकर काळें पडतें. परंतु तें दुधाळ किंवा मळकट पांढरें दिसलें तर त्यांत पाणी मिसळल्याची शंका घ्यावी व गाडी न चालवितां मिस्त्रीस दाखवावी. गाडी चालू असतां समोरच्या फळीवर तेलाच्या झारीचें तांबडें चित्र पेटलें, तर 'पुढच्या गांवीं पाहूं' असें म्हणूं नये. तेलाचा दाब नाहींसा झाल्याची ती खूण आहे. तत्काळ गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें. तेवढ्या दोन किलोमीटरांत सबंध इंजिन गमावण्याचा संभव असतो.

थंड ठेवणारें पाणी.— इंजिनाची उष्णता रेडिएटरमध्यें फिरणाऱ्या द्रवानें बाहेर टाकिली जाते. हा द्रव म्हणजे नुसतें पाणी नव्हे. शुद्ध केलेल्या पाण्यांत कूलंट नांवाचें रसायन ठराविक प्रमाणांत मिसळून तो तयार करितात. त्यानें गंज चढत नाहीं व द्रव उकळण्याची मर्यादा वाढते. पुष्कळ ठिकाणीं पैसे वांचविण्यासाठीं त्यांत विहिरीचें किंवा बोअरचें पाणी भरण्यांत येतें. त्याचा परिणाम काय होतो हें गिरडकरांस समजाविणें सर्वांत सोपें आहे. आमच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्याभोंवतीं जे गोल खडे सांपडतात, त्यांविषयीं अशी दंतकथा आहे कीं, बाबांची थट्टा करणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांचा माल दगड होऊन पडला. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणतात कीं, ते झिओलाइट जातीच्या खनिजांचे गोळे असून, लाव्हाच्या काळ्या खडकांतील पोकळ्यांमध्यें क्षारयुक्त पाणी झिरपून तीं खनिजें तेथें सांठत गेलीं. दंतकथेचा मान आपल्या ठिकाणीं राहो. पण क्षारांचें पाणी पोकळींत दगड करितें एवढें त्यांतून ध्यानांत घ्यावें. घरांतील पाणी तापविण्याच्या भांड्यांत जो पांढरा थर बसतो तोही याच जातीचा. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तो थर बसला म्हणजे नळ्या अरुंद होतात, पाणी फिरेनासें होतें व ऐन मे महिन्यांत इंजिन तापूं लागतें.

येथें एक धोक्याची सूचना प्रत्येक मुलानें पाठ करून ठेवावी. तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचें झांकण केव्हांही उघडूं नये. आंतील द्रव दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांच्या वर गेला तरी उकळत नाहीं. पण झांकण सैल होतांच दाब जातो आणि सर्व द्रव एकदम उकळून वाफेसह तोंडावर व हातांवर उडतो. उष्णतेचा कांटा चढूं लागल्यास वातानुकूलन बंद करावें, गाडी सावलींत उभी करून इंजिन बंद करावें व निदान अर्धा तास तरी तिला हात लावूं नये. गाडी थंड असतांना मात्र कूलंटच्या पारदर्शक भांड्यावरील दोन खुणांमध्यें द्रव आहे कीं नाहीं हें आठवड्यास एकदां पाहावें. हें रसायन विषारी असून चवीस गोड असतें. म्हणून त्याचा डबा मुलांच्या व जनावरांच्या आटोक्याबाहेर ठेवावा.

टायर.— गाडीचें सर्व वजन व आंत बसलेल्या सर्वांचे प्राण तळहाताएवढ्या चार जागांवर टेकलेले असतात. त्या जागा म्हणजे जमिनीस लागणारे टायरांचे भाग. असें असून टायरांकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें. प्रत्येक टायरांत किती हवा असावी याचा आंकडा चालकाच्या दाराजवळच्या खांबावर चिकटविलेला असतो किंवा पुस्तिकेंत दिलेला असतो. टायरच्या कडेवर जो दाबाचा आंकडा उठविलेला असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा होय. तितकी हवा भरावयाची नसते.

विदर्भांत एक समजूत फार दृढ आहे कीं, उन्हाळ्यांत हवा प्रसरण पावते, सबब टायरांत हवा मुद्दाम कमी ठेवावी. पहिलें वाक्य खरें आहे. दुसरें घातक आहे. उष्णतामान दहा अंशांनीं वाढलें म्हणजे टायरांतील दाब सुमारें दोन पौंडांनीं वाढतो हें खरें, पण गाडी बनविणाऱ्यांनीं तो हिशेब आधींच धरलेला असतो. उलट हवा कमी असली म्हणजे टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यास अधिक दबतात व पुन्हा सरळ होतात. लोखंडाची तार पुनः पुनः वांकविली असतां जशी तापते, तसेच रबर व त्यांतील धागे या दबण्यानें तापतात. वर मे महिन्यांतील पंचेचाळीस अंशांचें ऊन, खालीं तापलेला रस्ता, आंत पांच माणसें व सामान, आणि वेग मोठा. अशा स्थितींत रबर सुटून टायर फुटतो. म्हणून हवा कमी केल्यानें टायर वांचत नाहीं, तर त्यामुळेंच तो जातो.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग आमच्या वर्धा जिल्ह्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, व ५ जून २०२५ रोजीं शेवटचा टप्पा खुला होऊन मार्ग पुरा झाला. त्यावर मोटारींस ताशीं १२० किलोमीटरपर्यंत वेगाची परवानगी आहे. या रस्त्यावर टायर फुटून अपघात झाल्याच्या बातम्या आपण सर्वांनीं वाचल्या आहेत. रस्ता उत्तम आहे म्हणून वेग वाढतो, आणि वेग वाढतो म्हणून टायरांतील दोष, जो गांवच्या रस्त्यावर वर्षभर लपून राहतो, तो तेथें तासाभरांत उघडा पडतो. तेव्हां लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वीं टायर पाहिल्यावांचून कोणींही निघूं नये.

टायर पाहावयाचे ते असे: (१) हवा सकाळीं, गाडी थंड असतां मोजावी, आणि चालून तापलेल्या टायरांतील हवा कमी करूं नये. (२) नक्षीच्या खांचा निदान १.६ मिलिमीटर खोल असल्या पाहिजेत. खांचांच्या तळाशीं लहान उंचवटे केलेले असतात, त्यांच्या बरोबरीला नक्षी झिजून आली म्हणजे टायर बदलण्याची वेळ झाली. (३) कडेवर फुगवटा, चीर किंवा बाहेर आलेले धागे दिसल्यास तो टायर ताबडतोब काढावा. त्यास उपाय नाहीं. (४) टायरचें वय पाहावें. कडेवर चार अंकांची एक संख्या असते. तिचे पहिले दोन अंक आठवडा व शेवटचे दोन अंक वर्ष दाखवितात. २३१९ असें असल्यास तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. रबर न वापरतांही जुनें होऊन कडक होतें. म्हणून नक्षी ठळक दिसली तरी फार जुन्या टायरवर विसंबूं नये. (५) जादा चाक, म्हणजे स्टेपनी, हिच्यांतही हवा आहे ना, व जॅक आणि पाना गाडींत आहेत ना, हें पाहावें. चाक बदलण्याचा सराव घराच्या अंगणांत एकदां तरी करून ठेवावा. रात्रीं रस्त्यावर तो प्रथमच करण्याची पाळी येऊं नये.

ब्रेक.— ब्रेक पायाखालीं नेहमींपेक्षां खोल जाऊं लागला, मऊ लागूं लागला, दाबतांना गाडी एका बाजूस ओढूं लागली किंवा चाकांतून घांसल्याचा कर्कश आवाज येऊं लागला, तर तो दिवस टाळूं नये. गाडी त्याच दिवशीं दाखवावी. पायाचा जोर चाकापर्यंत पोंचविणारा जो द्रव नळ्यांत भरलेला असतो, तो हवेंतील ओलावा शोषून घेतो. असा ओला द्रव घांटांत किंवा वरचेवर ब्रेक लावतांना तापून उकळतो, त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय दाबूनही ब्रेक लागत नाहीं. म्हणून तो द्रव पुस्तिकेंत दिलेल्या मुदतीनें, बहुधा दोन वर्षांनीं, बदलून घ्यावा. ब्रेक दुरुस्त करणें हें घरीं करावयाचें काम नव्हे. घरीं करावयाचें काम म्हणजे त्याची तक्रार वेळेवर ऐकणें.

बॅटरी.— थंडीपेक्षां उन्हाळा बॅटरीचा मोठा शत्रु आहे. उष्णतेनें तिच्या आंतील रासायनिक झीज वाढते. तिच्या टोंकांवर पांढरा-हिरवा क्षार जमला म्हणजे वीज नीट वाहत नाहीं, व मग तीच कट्‌कट् ऐकूं येते. हा क्षार काढतांना इंजिन बंद करून प्रथम ऋण टोंकाची तार सोडावी, मग धन टोंकाची. जोडतांना धन टोंक आधीं व ऋण टोंक शेवटीं जोडावें. बॅटरींतून जळणारा वायु निघत असतो, म्हणून जवळ आगकाडी ओढूं नये. ज्या बॅटरींस पाणी घालावें लागतें तींत शुद्ध केलेलें पाणीच घालावें. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली तरी बॅटरी हळूहळू उतरते. म्हणून काम नसलें तरी आठवड्यांतून एकदां ती थोडी लांबवर चालवून आणावी. दिवे मंद दिसणें व इंजिन सुरू होण्यास आळस करणें या दोन खुणा आधींच दिसतात. त्या दिसल्या कीं बॅटरी तपासून घ्यावी.

धूळ, पाऊस आणि उंदीर.— आमच्याकडील कच्च्या रस्त्यांची धूळ इंजिनांत जाणाऱ्या हवेच्या फिल्टरवर बसते. फिल्टर तुंबला म्हणजे इंजिनाचा श्वास कोंडतो, गाडीचा जोर कमी होतो व इंधन अधिक लागतें. पुस्तिकेंतील मुदत ही साधारण रस्त्यांसाठीं असते. धुळींत चालणाऱ्या गाडीचा फिल्टर त्यापूर्वींच झटकून पाहावा व मळला असल्यास बदलावा.

पावसाळ्यापूर्वीं कांच पुसणाऱ्या वायपरचें रबर, सर्व दिवे व ब्रेक पाहून घ्यावे. उन्हाळ्याच्या उन्हानें वायपरचें रबर कडक होतें, व पहिल्या पावसांत कांचेवर नुसते पट्टे ओढतें. आमची काळी माती गाडीच्या पोटाखालीं चिकटून ओल धरून ठेवते व पत्र्यास गंज चढतो. म्हणून चिखलांतून आलेली गाडी वरून नव्हे, खालून धुवावी. नाल्यास पूर असतां रपट्यावरून गाडी घालण्याचें साहस कोणींही करूं नये. वाहतें पाणी गुडघाभर दिसलें तरी मोटार ढकलून नेतें. आणि उभ्या पाण्यांत गाडी बंद पडलीच, तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुळींच करूं नये. हवेप्रमाणें पाणी दाबलें जात नाहीं. इंजिनांत पाणी शिरलें असतां किल्ली फिरविली म्हणजे आंतील पोलादी दांडे वांकतात, आणि जें काम थोड्या खर्चांत झालें असतें तें लाखाच्या घरांत जातें. गाडी ढकलून बाहेर काढावी व मिस्त्रीस बोलवावें.

उंदरांचा उपद्रव खेड्यांतील मालकांस चांगलाच ठाऊक आहे. धान्याच्या कोठीजवळ गाडी उभी राहिली कीं उंदीर उबेसाठीं इंजिनाजवळ घर करितात व तारा कुरतडतात. गाडींत खाण्याचे पदार्थ ठेवूं नयेत, ती धान्यापासून दूर उभी करावी, व मधून मधून झांकण उघडून आंत पाहावें. थंडीच्या सकाळीं गाडी सुरू करण्यापूर्वीं झांकणावर दोन थापा माराव्या. आंत निजलेली मांजर असल्यास ती निघून जाईल.

कागदपत्र.— धुराच्या तपासणीचा दाखला, ज्यास पीयूसी म्हणतात, तो नव्या गाडीस पहिल्या वर्षानंतर लागतो. त्याची मुदत संपूं देऊं नये. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें त्याविषयींचा दंड दहा हजार रुपयांपर्यंत होऊं शकतो. परंतु दंडापेक्षां महत्त्वाची गोष्ट ही कीं, काळा धूर हा इंजिनाच्या आजाराचें लक्षण आहे; तो इतरांच्या मुलांच्या छातींत जातो. विमा चालू असणेंही कायद्यानें आवश्यक आहे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन ती पांच पांच वर्षांसाठीं वाढवून घ्यावी लागते.

जुनी गाडी घेणाऱ्यांस.— वापरलेली गाडी घेण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. पण ती रंग पाहून घेऊं नये. इंजिन पूर्ण थंड असतां आपल्या समक्ष सुरू करवावें, कारण तापलेलें इंजिन आपले दोष झांकतें. तेलाची पट्टी काढून पाहावी, चारही टायरांचें वय वाचावें, गालिचा उचलून खालीं ओल किंवा गंज आहे काय तें पाहावें, आणि पूर्वीच्या मालकानें केलेल्या दुरुस्तीच्या पावत्या मागाव्या. ज्या गाडीच्या पावत्या जपून ठेविल्या आहेत तिची निगाही राखली गेली असण्याचा संभव अधिक.

आतां सर्वांचें सार देतों. रोज गाडी काढण्यापूर्वीं तिच्याभोंवतीं एक फेरी मारावी. टायर बसलेला आहे काय, खालीं तेलाचा किंवा पाण्याचा डाग आहे काय, दिवे लागतात काय, एवढें पाहण्यास एक मिनिट पुरतें. आठवड्यास एकदां तेल व कूलंट पाहावें. पंधरा दिवसांनीं व प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वीं टायरांतील हवा स्टेपनीसह मोजावी. महिन्यांतून एकदां बॅटरीचीं टोंकें, वायपरचें रबर व हवेचा फिल्टर पाहावा. आणि पुस्तिकेंत सांगितलेल्या मुदतीस गाडी मिस्त्रीकडे द्यावी, त्यानें काय केलें तें विचारून समजून घ्यावें व त्याची पावती ठेवावी.

विद्यार्थी मित्रहो, यांपैकीं बहुतेक कामें तुम्हांस करतां येण्यासारखीं आहेत. तुमच्या घरीं मोटार असल्यास वडिलांच्या देखत हीं कामें शिका, आणि एक जुनी वही घेऊन तींत तारीख, गाडी चाललेले किलोमीटर व केलेलें काम यांची नोंद ठेवण्याचें काम आपल्याकडे मागून घ्या. मात्र गाडी चालविण्याची घाई करूं नका. परवान्याचें वय होईपर्यंत तुमचें काम निगा राखण्याचें आहे, आणि तें चालविण्यापेक्षां हलकें नाहीं. मुलींनींही हें काम मुलांचें म्हणून दूर राहूं नये. पहिल्या लांबच्या प्रवासांत तुंबलेली नळी मोकळी करणारी एक स्त्रीच होती. पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, मुलांनीं विचारलेल्या प्रश्नांस 'तुला काय करायचें' असें उत्तर देऊं नये. झांकण उघडून त्यांस तेलाची पट्टी दाखवावी. ज्या गाडींतून आपलीं मुलें रोज ये-जा करितात, तिच्या चार चाकांत हवा किती आहे हें घरांतील निदान दोन माणसांस ठाऊक असलें पाहिजे.